जुनी फियाट धावेल. पण वेळेवर थांबेल का?

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची निवृत्त झाली. ताडदेव आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदल्या गेलेल्या अखेरच्या टॅक्सीने आपली २० वर्षांची मुदत पूर्ण केली आणि एका युगावर पडदा पडला. टॅक्सी गेली, मात्र खासगी मालकीच्या फियाट आणि पद्मिनी अजूनही अनेक इमारतींच्या आवारात, ताडपत्रीखाली उभ्या आहेत. आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस नातवंडांमध्ये वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट होय. चिंतेची गोष्ट ही, की या पुनरुज्जीवनात पैसा आधी रंगावर, मग क्रोमवर, मग गाद्यांवर आणि इंजिनावर खर्च होतो. ब्रेकची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो. मग मेकॅनिक ‘लायनर बदलून देतो, झकास लागेल’ असे सांगतो आणि मालकाचेही समाधान होते.

दुसरे टोक गाठणारे हौशीही आहेत. जुने ते सगळे टाकून द्यावे, चारही चाकांना डिस्क बसवाव्यात आणि मोकळे व्हावे, असे त्यांना वाटते. हे दोन्ही मार्ग का फसतात, हे समजण्यासाठी ही गाडी मुळात थांबते कशी, ते पाहावे लागेल.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिचे ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. नाव बदलले, तरी यांत्रिकदृष्ट्या ती साठच्या दशकाच्या आरंभीची इटालियन फियाट ११०० डी हीच राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, चालकासह चार-पाच जणांची बैठक आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. गंमत अशी, की खुद्द इटलीत फियाटने १९६६ साली याच घराण्यातील ११०० आर हे मॉडेल आणले, तेव्हा त्याच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. आपल्याकडे मात्र जुनाच साचा पुढे दशकानुदशके चालू राहिला. तेव्हा पद्मिनीच्या पुढच्या चाकांना डिस्क बसवणे हे मूळ गाडीशी द्रोह करणे आहे, असे म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. मूळ कंपनीनेच ही सुधारणा केलेली आहे.

ब्रेकचे काम एका वाक्यात सांगायचे, तर धावत्या गाडीतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे आणि ती उष्णता हवेत सोडून देणे. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १२०० किलो मानले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला तिच्यात सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा असते. वेग ८० झाला, की हीच ऊर्जा जवळजवळ ३ लाखांवर जाते. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेकवरचा बोजा पाऊणपटीहून अधिक वाढला.

आता रस्त्यावरचे चित्र पाहा. उत्तम ब्रेक आणि उत्तम टायर असलेली आजची गाडी ताशी ६० वेगातून कोरड्या रस्त्यावर सुमारे १८ मीटरमध्ये थांबू शकते. ब्रेक ढिले पडलेल्या जुन्या गाडीची मंदावण्याची क्षमता गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी धरली, तर तिला २८ मीटर लागतात. चालकाने पाय हलवेपर्यंत गेलेला एक सेकंद, म्हणजे आणखी १७ मीटर, दोघांनाही सारखेच. राहिलेला १० मीटरचा फरक म्हणजे अडीच पद्मिनी एकापुढे एक उभ्या कराव्यात तेवढे अंतर. १९६४ साली पुढे धावणारी गाडीही ड्रम ब्रेकवालीच होती. आज पुढची गाडी एबीएसवाली असते आणि ती जिथे थांबते, तिथे आपण थांबत नाही. जुन्या गाडीचे ब्रेक बिघडलेले नसले, तरी भोवतालची रहदारी बदलल्यामुळे ते अपुरे ठरले आहेत.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या डब्यात अर्धचंद्राकृती दोन शू असतात. पेडल दाबले, की व्हील सिलिंडरचे दट्टे हे शू बाहेर ढकलतात आणि त्यांवरचे लायनर ड्रमच्या आतल्या बाजूवर घासतात. फिरण्याच्या दिशेने ओढला जाणारा शू स्वतःच ड्रममध्ये अधिकाधिक रुतत जातो, त्यामुळे पायाचा जोर कमी लागतो. बूस्टर नसतानाही जुनी गाडी थांबते, ती याच गुणामुळे. पण डबा बंद असल्याने उष्णता आतच कोंडते. ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो आणि पेडल अधिक खोल जाऊ लागते. लायनरही तापला, की त्याची पकड घटते. चालक अधिक जोर लावतो, गाडी मात्र थांबत नाही.

याची खरी परीक्षा घाटात होते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. १२०० किलोच्या गाडीच्या बाबतीत ही ऊर्जा ताशी ६० वेगातून ३५ वेळा पूर्ण थांबण्याइतकी भरते आणि तीही थंड व्हायला उसंत न देता. तिचा मोठा वाटा इंजिनाने खायला हवा. म्हणूनच जुने चालक ‘ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचे’ हा दंडक पाळत. त्याच पिढीत पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरणारेही होते. ते सुखरूप खाली पोहोचत, यात त्यांच्या कौशल्यापेक्षा रिकाम्या रस्त्याचा हात अधिक असावा. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली, की ड्रममध्ये शिरलेले पाणी लवकर निघत नाही आणि पहिले दोन-चार ब्रेक जवळपास निकामी जातात. एखाद्या चाकाचा लायनर आधी सुकला, तर गाडी त्या बाजूला ओढली जाते.

डिस्क ब्रेक या दोन्ही परीक्षांत सरस ठरतो. उघड्या तबकडीला वारा लागतो, पाणी फेकले जाते आणि तापून प्रसरण पावलेली तबकडी पॅडपासून दूर न जाता उलट त्याच्याकडेच सरकते. १९५३ साली ल मॉन्सची २४ तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइपने डनलॉप डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली आणि १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस या गाडीने पुढच्या चाकांना डिस्क देऊन हे तंत्र कुटुंबाच्या मोटारीपर्यंत आणले. त्यामुळे डिस्कची ओढ समजण्यासारखी आहे.

तरीही, जुन्या गाडीत पहिला रुपया डिस्कवर खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो मास्टर सिलिंडरवर करावा.

साठच्या दशकातील फियाट असो वा अ‍ॅम्बॅसेडर, या गाड्यांची ब्रेक व्यवस्था एकेरी होती. पेडलने एक दट्टा ढकलायचा, त्याने एकाच नळीजाळ्यातील तेलावर दाब आणायचा आणि तो चारही चाकांना पोहोचायचा. यातील कोणतीही एक नळी गंजून फुटली, एक रबरी होज चिरला किंवा एका चाकाचा सिलिंडर गळू लागला, तर चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. पेडल थेट फळीला टेकते. हाती उरतो तो फक्त हँडब्रेक. हा धोका ओळखूनच अमेरिकेने १९६८ पासून प्रवासी मोटारींना दुहेरी ब्रेक व्यवस्था सक्तीची केली. आपल्या गॅरेजमध्ये जिला ‘टीएमसी’ म्हणतात, ती टँडम मास्टर सिलिंडरची रचना हीच. एकाच नळकांड्यात एकामागे एक दोन दट्टे, तेलाच्या भांड्यात दोन कप्पे आणि पुढच्या व मागच्या चाकांना स्वतंत्र नळ्या. एक बाजू फुटली, तर पेडल खोल जाते, थांबायला अंतर जास्त लागते, पण गाडी थांबते.

हा बदल बाहेरून दिसत नाही, त्याचे छायाचित्र काढून कोणाला दाखवता येत नाही. कदाचित म्हणूनच तो मागे पडत असावा. वास्तविक जीव वाचवण्याच्या दृष्टीने त्याच्यापुढे चकाकत्या डिस्कची किंमत कमीच. ज्यांना गाडी केवळ रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला फिरवायची आहे, त्यांनी चांगले ड्रम आणि दुहेरी मास्टर सिलिंडर एवढ्यावर थांबले, तरी चालण्यासारखे आहे.

टँडम सिलिंडर निवडताना त्याच्या आतल्या व्यासाकडे दुर्लक्ष होते. दुकानात मिळाला तो बसवला, असे चालत नाही. १९ मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा सिलिंडर बसवला, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ ३४ टक्क्यांनी वाढते, म्हणजे तेवढाच दाब आणण्यासाठी पायाला एक तृतीयांश अधिक जोर लावावा लागतो. पेडल दगडासारखे घट्ट लागते आणि अजाण मालक ‘काय कडक ब्रेक आहे’ म्हणून खूश होतो. याउलट व्यास फार लहान असेल, तर पेडल मऊ, पण चाकांपर्यंत पुरेसे तेल पोहोचण्याआधीच तळाला जाते.

आता मूळ व्यवस्थेकडे वळू. कारण तीच नीट नसेल, तर वर केलेली प्रत्येक सुधारणा वाया जाते. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीतील ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते. मुंबईसारख्या दमट हवेत हे अधिकच. त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतात आणि त्यांना बारीक खड्डे पडतात. अशा सिलिंडरमध्ये नुसते नवे रबर किट टाकले, तर ते खड्ड्यांवर घासून काही महिन्यांत फाटते. सिलिंडर नवा मिळत नसेल, तर लेथवर मोठा करून त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी बसवून घेणे हा खात्रीचा उपाय. ही रबरे पेट्रोलने किंवा रॉकेलने धुण्याची पद्धत अजूनही अनेक ठिकाणी दिसते, ती घातक आहे. खनिज तेलाचा थेंब लागला, तरी ही रबरे फुगतात. ती स्वच्छ ब्रेक ऑइलनेच धुवावीत.

रबरी होजचा एक विकार फार फसवा असतो. बाहेरून होज धडधाकट दिसतो, आत मात्र त्याचा थर सुटून एकमार्गी झडपेसारखा वागू लागतो. दाबलेले तेल चाकाकडे जाते, पण परत येत नाही. मग ते चाक तापते किंवा गाडी एका बाजूला ओढली जाते आणि मेकॅनिक लायनर बदलत बसतो. पुनरुज्जीवनात सर्व होज न तपासता सरसकट बदलावेत. लोखंडी नळ्यांचेही तेच. त्यांच्या जागी तांबे-निकेल मिश्रधातूची नळी मिळाल्यास उत्तम; ती गंजत नाही आणि वाकवायला सोपी असते. नळीच्या तोंडाला दुहेरी घडी मारणारे योग्य अवजार ज्या गॅरेजमध्ये नाही, तिथे हे काम देऊ नये.

ड्रम लेथवर कट मारून गोल करून घ्यावा. मात्र किती घासता येतो याला मर्यादा आहे आणि पातळ झालेला ड्रम लवकर तापतो. ड्रम मोठा झाला, की नव्या लायनरची वक्रताही त्याला जुळवून घासावी लागते. हे केले नाही, तर शू केवळ मधोमध टेकतो आणि नवे लायनर टाकूनही गाडी थांबत नाही, ही तक्रार सुरू होते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. त्याची भुकटी हवेच्या नळीने उडवणे म्हणजे स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसांशी वैर. ड्रम ओल्या फडक्याने पुसावा.

तेलाच्या बाबतीत डॉट ३ आणि डॉट ४ हे नित्याचे प्रकार. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल स्पंजासारखे आत जाते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलणे आवश्यक आहे. सांडले तर ते नव्या रंगाची साल काढते, यास्तव काही संग्राहक सिलिकॉनचे डॉट ५ वापरतात. ते रंगाला इजा करत नाही, परंतु डॉट ३ किंवा ४ मध्ये ते मिसळता येत नाही आणि आत शिरलेले पाणी त्यात न विरघळता खोलगट जागी साचून राहते. रोज चालणाऱ्या गाडीसाठी साधे डॉट ४ पुरे.

एवढे सगळे झाल्यावर डिस्कचा विचार करावा आणि तोही पुढच्या चाकांपुरता. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात. मागे ड्रम राहू दिल्यास हँडब्रेकची मूळ केबलही तशीच राहते.

आपल्याकडे हा बदल बहुधा दुसऱ्या गाडीचे हब, डिस्क आणि कॅलिपर जुळवून केला जातो. कॅलिपर मूळ स्टब अ‍ॅक्सलवर बसत नाही, तेव्हा मध्ये एक पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, लागते. खरी जोखीम या पट्टीत आहे. जोरात ब्रेक मारताना पुढच्या एका चाकावर येणारा भार आणि चाकाची त्रिज्या यांचा हिशेब केला, तर त्या पट्टीवर सुमारे एक टनाचा जोर येतो, प्रत्येक वेळी. भंगारातील पत्रा गॅसने कापून, वेल्डिंगचा टाका मारून केलेली पट्टी गॅरेजच्या दारात छान दिसते. ती तुटली, तर कॅलिपर रिममध्ये अडकून चाक जागच्या जागी जखडते. पट्टी अखंड पोलादातून मशिनवर कापलेली आणि उच्च प्रतीच्या बोल्टने बसवलेलीच हवी. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि चाक लोंबते ठेवून होज ताणला जात नाही ना, कॅलिपर रिमला घासत नाही ना, हेही पाहावे.

डिस्कला ड्रमप्रमाणे स्वतःहून रुतण्याचा गुण नाही. त्यामुळे पायाचा जोर अधिक लागतो आणि बूस्टर बसवावा लागतो. बूस्टर इंजिनाच्या इनटेकमधील निर्वातावर चालतो. इंजिन झिजलेले असेल, तर निर्वात कमी पडतो. इंजिन बंद केले, तर दोन-तीन दाबांनंतर बूस्टरची मदत संपते. वर उल्लेखिलेली घाटातली सवय अशा गाडीत प्राणघातक ठरेल.

त्यातच ड्रमच्या नळीत थोडा दाब कायम राखणारी एक छोटी झडप जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये असते. ड्रमला ती हवी असते. डिस्कच्या नळीत ती तशीच राहिली, तर पॅड तबकडीला चिकटून राहतात, चाक तापते आणि पेट्रोलही अधिक जाते. डिस्क बसवल्यावर ‘गाडी जड झाली’ या तक्रारीमागे पुष्कळदा हीच झडप असते. बूस्टरमुळे वाढलेला दाब मागच्या ड्रमलाही पोहोचतो, हा आणखी एक पेच. मागची चाके पुढच्यांच्या आधी जखडली, तर गाडीची शेपटी फिरते आणि ओल्या रस्त्यावर ती सावरणे कठीण असते. मागच्या नळीवर दाब मर्यादित करणारी झडप बसवून हा समतोल साधावा लागतो. डिस्क बसवणे एका दिवसाचे काम. हा समतोल साधायला मात्र अनेक फेऱ्या लागतात आणि तेवढा धीर थोड्याच गॅरेजमध्ये असतो.

टायरचा मुद्दा सांगून टाकलेला बरा. ब्रेक कितीही प्रभावी असला, तरी गाडी अखेर टायरच्या पकडीवरच थांबते. न चालल्यामुळे नक्षी शाबूत असलेला दहा-पंधरा वर्षांचा टायर कडक झालेला असतो. टायरच्या कडेवरील चार अंकी आकडा पाहावा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल करता येत नाही. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण होते आणि तेव्हा ब्रेकही तपासले जातात. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. मात्र अशी नोंदणी घेतल्यास गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. ब्रेक बदलण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारून ठेवणे शहाणपणाचे.

जुन्या मोटारींच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन सनदेची भूमिका येथे उपयोगी पडते. सुरक्षेसाठी बदल करावा लागला, तर तो कमीत कमी आणि पूर्ववत करता येण्याजोगा असावा, काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, असे ती सुचवते. म्हणजे स्टब अ‍ॅक्सल कापू नये, चासीला वेल्डिंग करू नये. काढलेले ड्रम, शू आणि जुना मास्टर सिलिंडर ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावेत.

काम पूर्ण झाल्यावर गाडी लगेच रस्त्यावर काढू नये. उभ्या गाडीत पेडल पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरावे. ते हळूहळू खाली गेले, तर कुठेतरी गळती आहे. मग मोकळ्या मैदानात ताशी २० वेगाने, हात स्टीअरिंगवर हलके ठेवून ब्रेक मारावा. गाडी सरळ थांबली, तर वेग ३०, मग ४० करावा. नवे लायनर आणि पॅड बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर घाट टाळावा. पहिल्या फेरीनंतर चारही चाकांच्या मधोमध हाताचा मागचा भाग जवळ नेऊन पाहावा. डावे-उजवे सारखेच तापले असतील, तर काम जमले; एखादे चाक चटका देत असेल किंवा थंडगार असेल, तर गाडी पुन्हा जॅकवर घ्यावी.